गिनीपिगला ‘लंघन’ नको: एक खुलासा
‘गिनीपिगने खाणे सोडले, तर एक दिवस लंघन घडवावे, मग उताणे धरून सिरिंजने दूध पाजावे,’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो घातक आहे. या प्राण्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, त्यामुळे 12 तासांचा उपासही जिवावर बेतू शकतो. दूध तर त्याला पचतच नाही. गवताच्या पेलेट (सुके गवत दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून केलेली पातळ पेज, सुई काढलेल्या 1 मिलीच्या सिरिंजने, त्याला चारही पायांवर बसवून, पुढच्या दातांमागच्या फटीत बाजूने, थेंब-थेंब द्यावी आणि जबडा हलून घास गिळल्याशिवाय (घाई इथेच नडते) दट्ट्या पुन्हा दाबू नये, अन्यथा पेज फुप्फुसात जाते. पोट फुगून टणक लागत असल्यास मात्र भरवण्याआधी पशुवैद्यक गाठावा.