कॅमेऱ्याचं सोवळं

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला निघालेल्या माणसाला ऊन आणि डास यांतलं एक निवडता येत नाही. होडी भरतीच्या वेळेवर सुटते आणि भरती कुणाच्या सोयीने येत नाही. एप्रिलमध्ये पाण्यावर टाळू तापते, धक्क्यापाशी कांदळवनात डास वाटच बघत असतात. 2022 साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. पाणथळीतल्या जीवसृष्टीला मिळालेलं ते संरक्षण डासांनी स्वतःकडेही ओढून घेतलेलं दिसतं.

म्हणून अंगावर दोन थर चढवायचे. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर डासांचं मलम. मग गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, कारण आता आपण ओवळे.

डासांच्या मलमात डीट असेल तर सोवळं अगदी कडक. 1946 मध्ये अमेरिकी लष्करासाठी बनलेलं हे रसायन डासाला मारत नाही, नुसतं दूर ठेवतं. राग काढतं ते प्लास्टिकवर. चष्म्याची फ्रेम, घड्याळाची काच, रंग, रबर, काही सोडत नाही. कॅमेऱ्याची पकड आधी चिकट होते, मग सैल पडून सुटायला लागते. सुती कापड, लोकर आणि नायलॉन यांना मात्र काही होत नाही. म्हणजे आजीची सोवळ्यातली धाबळी पास आणि माझी दीड लाखाची लेन्स नापास.

ट्यूबमध्ये डीट आहे की नाही ते मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचायला चष्मा लागतो. चष्मा प्लास्टिकचा. आणि हे आपल्याला आठवतं हात बरबटल्यावर! डीटऐवजी पिकारिडिन हे रसायन असलेलं मलम प्लास्टिकच्या वाटेला जात नाही, पण आमच्याकडे खरेदी निघण्याच्या आदल्या रात्री होते आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट हाताला येईल ते देतो.

सनस्क्रीन वरवर सभ्य. पण त्यातलं तेल आणि काही रसायनं रबराला आणि पडद्याला हळूहळू पोचतात, आणि लेन्सवर बोट उमटलं तर पुढचे सगळे फ्लेमिंगो धुक्यात. खरा गुन्हेगार असतं नाक. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की नाक थेट मागच्या पडद्यावर टेकतं. नाकाला सनस्क्रीन लावू नये तर ते सोलतं, लावावं तर पडद्यावर शिक्का.

यावर मी काढलेली युक्ती म्हणजे दोन्ही मलमं पालथ्या हाताने लावायची. तळवे कोरडे, सोवळ्यात. पालथ्या हाताने स्वतःची मान चोळणारा माणूस होडीतल्या लोकांना कसा दिसतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर कळतं. बायको हे बघून पलीकडच्या बाकावर जाऊन बसते. तिथून मोठ्याने सांगते, "अहो, कानामागे राहिलं!"

स्प्रेवाले वेगळेच. ते होडीच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून पायांवर फवारतात आणि अर्धा फवारा माझ्या लेन्सकडे येतो. मी झाकण लावेपर्यंत शेजारच्या काकू चकचकीत पंजा पुढे करतात. "बघू हो, किती जवळ दिसतं?" नाही म्हणणं जिवावर येतं. मी कॅमेरा स्वतःच धरून त्यांच्या डोळ्यांसमोर नेतो. त्या प्रेमाने तो दोन्ही हातांनी धरतात. मग घडीचा रुमाल, पुसापुशी, पुन्हा पुसापुशी आणि काकूंचा रुसवा.

एवढ्यात नावाडी इंजिन बंद करतो. समोर चिखलावर गुलाबी पट्टा हलायला लागतो, हजारो पंख एकदम उघडतात. मी श्वास रोखतो. माझ्या अख्ख्या देहावर मलम न लागलेली जागा म्हणजे फक्त तळवे आणि बोटं. डास नेमका शटरवरच्या बोटाच्या पेरावर बसतो.

फोटोत फ्लेमिंगो आलेत. जरा हललेत, एवढंच.