नाही हो, 'पॉश' जहाजाच्या तिकिटावर छापलेलं नव्हतं

सध्या एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे, नागपुरातल्या बहुतेक फॅमिली ग्रुपवर एव्हाना येऊन गेला असेल, इंग्रजीतल्या श्रीमंती शब्दांचं 'रहस्य' सांगणारा. त्यात म्हटलंय की पॉश म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी), साहेब लोक भारतात येताना-जाताना जहाजात सावलीच्या बाजूची महागडी केबिन घ्यायचे आणि तिकिटावर ही चार अक्षरं ठोकलेली असायची. स्नॉब म्हणजे लॅटिन 'सिने नोबिलिताते', खानदान नसलेला. लक्झरी आली 'लक्स' म्हणजे प्रकाशातून. स्वॅग ही पण म्हणे कुठल्यातरी चार शब्दांची आद्याक्षरं. रिट्झी, म्हणजे भपकेदार, हे रिट्झ नावाच्या राजघराण्यावरून. आणि शेवटी ठोकून दिलंय की मोठ्या लोकांनी आपल्या थाटासाठी हे शब्द स्वतः घडवले, त्यात भारताचा मोठा वाटा आहे, अभिमानाने शेअर करा.

राजेहो, शेअर करायच्या आधी जरा थांबा. यातले बहुतेक शब्द मोठ्या लोकांनी घडवलेलेच नाहीत, त्यांच्याकडे खालून बघणाऱ्यांनी घडवलेत, आणि बरेचदा टर उडवायलाच.

पॉशपासून सुरू करू, कारण धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स म्हटलं की आपल्या तोंडून आपोआप 'पॉश एरिया' निघतं आणि ही गोष्ट लोकांना पटते पण पटकन. पटण्यासारखी आहेच, इंग्लंडहून पूर्वेकडे निघालं की जहाजाची डावी बाजू उत्तरेला येते, सूर्य दक्षिणेला, म्हणजे डावीकडे सावली, परतताना उलट. पण जहाज सुवेझ कालव्यातून यायचं (कालवा उघडला १८६९ मध्ये) आणि पुढे लागतो तांबडा समुद्र, सगळ्यात जास्त उकाडा तिथेच, आणि तो पसरलाय जवळपास उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळी एका बाजूला ऊन आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला, केबिन कोणतीही घ्या. त्यात आपल्याकडे मे अखेरीस झिरो शॅडो डे असतो ना, भर दुपारी सावली पायाखाली गायब, त्यानंतर काही आठवडे दुपारचा सूर्य आपल्याला चक्क उत्तरेकडे असतो. एडन-मुंबई तर आपल्याही दक्षिणेला, तिथे हे दिवस अजून जास्त. म्हणजे सावलीची बाजू काही तिकिटावर छापण्याइतकी पक्की नसते.

बरं, छापली असं धरून चालू. मग ते तिकीट कुठाय? पी अँड ओ ही ती जहाज कंपनी, लोकांनी इतकी वर्षं शोधलं, असा शिक्का असलेलं एक तिकीट सापडलेलं नाही. छापील पुरावा बघायचा तर 'पॉश' हा शब्द छानछोकी करणाऱ्या माणसासाठी १८९० च्या सुमारास गल्लीतल्या भाषेच्या कोशात आहे, आणि ही जहाजाची कहाणी पहिल्यांदा छापून आली ती १९३५ मध्ये, संपादकाला पाठवलेल्या पत्रात. शब्द आधी, गोष्ट पंचेचाळीसेक वर्षांनी. आद्याक्षरं जोडून शब्द करायची इंग्रजीतली सवय पण मुख्यतः विसाव्या शतकातली, महायुद्धांच्या काळात वाढलेली, रडार वगैरे तेव्हाचे.

मग शब्द आला कुठून? ठाम पुरावा नाही, पण कोशकार ज्या शक्यता मांडतात त्यातली एक भारीच आहे. रोमानी भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धा, त्यावरून इंग्लंडच्या चोरट्या बोलीत हाफपेनी, म्हणजे अर्ध्या पेनीच्या नाण्याला पॉश म्हणायचे, मग एकूणच पैशाला. आणि रोमानी लोक मुळात कुठले, तर साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेले, अजूनही त्यांच्या भाषेत नाकाला नाक, कानाला कान आणि पाण्याला पानी म्हणतात. म्हणजे भारताचा हात असलाच तर तो साहेबाच्या केबिनमार्फत नाही, ज्यांना युरोपात कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यामार्फत. हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही, कारण यात मिरवण्यासारखं काही वाटत नसावं.

स्नॉबचं तर सरळ उलटंच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी स्नॉब म्हणजे चांभार किंवा त्याच्या हाताखालचा पोरगा. केंब्रिजची पोरं गावातल्या सगळ्या बिगर-कॉलेजवाल्यांना स्नॉब म्हणायला लागली, हळूहळू अर्थ झाला साधा खालचा माणूस, मग वरच्यांची नक्कल करणारा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाक वर करून चालणारा. लॅटिनची कथा नंतर चिकटवलेली. आजचा स्नॉब ज्या माणसाकडे तुच्छतेने बघतो त्याचंच नाव त्याला पडलंय, याच्यावर अजून काय बोलणार.

लक्झरी. वर्धा रोडवर कुठल्याही नव्या स्कीमचा बोर्ड बघा, सोनेरी अक्षरात 'अल्ट्रा लक्झरी टू बीएचके', खाली स्विमिंग पूल, ज्यात बिल्डरने काढलेली दोन गोरी माणसं पोहून राहिली आहेत. या शब्दाचा प्रकाशाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये 'लक्स' म्हणजे प्रकाश आणि 'लक्सुस' म्हणजे अतिरेक, दोन वेगळे शब्द, आपली गल्लत कदाचित साबणामुळे होत असेल (त्या साबणवाल्यांनी नाव ठेवताना दोन्हीकडे डोळा ठेवला होताच). आणि इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ होता कामवासना, शेक्सपियरपर्यंत तो अर्थ चालू होता. त्या काळच्या माणसाने तो बोर्ड वाचला असता तर बायकापोरांना घेऊन गाडी वळवली असती.

स्वॅग दोन ओळीत. आद्याक्षरं वगैरे काही नाही, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरांच्या बोलीत स्वॅग म्हणजे चोरीचा माल. ऐटीत चालणे या अर्थाचं 'स्वॅगर' तर शेक्सपियरच्या नाटकात पण आहे. गॉगल लावून फुटाळा तलावावर रील काढणाऱ्या पोरांनी टेन्शन घेऊ नये.

आता भारताचा वाटा. आहे ना, भरपूर आहे, फक्त फॉरवर्डवाल्याने चुकीचा उचलला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे पैसा ओढून इंग्लंडला परतणारे आणि तिथे बंगले, बग्ग्या, पार्लमेंटच्या सीटा विकत घेणारे जे नवश्रीमंत होते, त्यांना तिथले लोक 'नबाब' म्हणायचे, आपल्या नवाबावरून, आणि ती शिवीच होती. लूट हा शब्द पण अठराव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूर खालसा केलं आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल भावाने काढले, दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार तर राज्य सरकारला २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून पैसे मोजून आणावी लागली. अभिमानाने शेअर करायचंच असेल तर साहेबाला कोणत्या बाजूची केबिन मिळाली यापेक्षा हे करा ना बावा.

राहिलं रिट्झी. हे नावावरून आलंय हे खरं, फॉरवर्डमधली तेवढी एकच गोष्ट अर्धी बरोबर. पण राजघराणं बिराणं काही नाही, सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, तेरा भावंडांतलं शेंडेफळ, १८९८ मध्ये पॅरिसला स्वतःच्या नावाचं हॉटेल काढायच्या आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलात ताटं उचलणारा वेटर होता.