भुईकोटाची चढण

साताऱ्याहून हॉलंडला आलेल्या बाबांना किल्ला दाखवणं म्हणजे जोखमीचं काम. अजिंक्यतारा ते रोज सकाळी चहाआधी चढून येतात. "इथला गड किती उंच?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "गड नाही, भुईकोट आहे. खंदक, पाणी, बुरूज. उट्रेख्तहून सायकलनं तासाभरात."

मे महिन्यातला गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. बाबा दमतील म्हणून त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल भाड्यानं आणली. कायद्यानं तिची मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंत साथ देते. माझ्या साध्या सायकलीला साथ द्यायला फक्त बायकोचे टोमणे होते.

हॉलंड सपाट आहे म्हणणाऱ्यांनी तिथला पश्चिमेचा वारा खाल्लेला नसतो. कास्टेल द हार हा किल्ला नेमका उट्रेख्तच्या पश्चिमेला. घाटाला निदान माथा असतो, वाऱ्याला तोही नाही. पाय थांबले की सायकल जागच्या जागी उभी! वाटेत अ‍ॅम्स्टरडॅम-ऱ्हाईन कालव्यावर खास सायकलींचा पूल आहे आणि त्याचा रस्ता चक्क एका शाळेच्या छपरावरून जातो. त्या छपरावर मी खाली उतरून सायकल ढकलत होतो, तेव्हा एक आजीबाई 'खुदेमॉर्खन' (सुप्रभात) म्हणत शेजारून गेल्या. बाबा केव्हाच दिसेनासे झाले होते.

किल्ल्याच्या दाराशी ते ताजेतवाने उभे. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, "हे जुनं बांधकाम नाही." खरंच होतं. मूळच्या पडक्या वाड्यावर 1892 ते 1912 या काळात नवा किल्ला चढवला. वास्तुशिल्पी पियेर कौपर्स, अ‍ॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम बांधणारे. आत वीज, हीटिंग, वर जायला लिफ्टसुद्धा.

"वीस वर्षं?" बाबांचा चेहरा खुलला. "आमच्या खात्याला उगाच नावं ठेवतात."

पैसा कुठून आला, तर किल्ल्याच्या मालकाची, म्हणजे बॅरनसाहेबांची बायको रॉथशिल्ड या गडगंज बँकर घराण्यातली. "सासुरवाडीचा," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे, मग किल्ल्याकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. विषय तिथंच संपला.

मग बागेची गोष्ट निघाली. बॅरनला नुकतं लावलेलं रोपटं वाढायची वाट पाहायची नव्हती, म्हणून सुमारे 7000 मोठी झाडं दुसरीकडून उपटून आणली. आणि जागा हवी म्हणून तिथलं अख्खं गाव उठवून पलीकडे वसवलं.

बाबा थबकले. कोयनेचे विस्थापित पाहिलेला माणूस. "गाव उठवलं? धरणासाठी?"

"नाही, बागेसाठी."

पुढची बाग त्यांनी बघितलीच नाही. सरळ त्या पुनर्वसित हारझाउलेन्स गावात गेले. सगळ्या घरांच्या खिडक्यांना बॅरनच्या रंगाची, लाल-पांढरी झडपं. एका झडपेवर बाबा नखानं रंग खरवडून बघत असतानाच घरमालक बाहेर आला.

"विचार त्याला," बाबा म्हणाले, "मोबदला मिळाला का?"

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या भूसंपादनाचं डच मला येत नाही. मी विचारलं, "रंग छान आहे, कुठला?" घरमालक खुलला. हातवारे करत तो बोलतच सुटला, मग आत जाऊन रंगाचा डबाच घेऊन आला.

बाबांनी समाधानानं मान डोलावली. "म्हणजे मिळाला," ते म्हणाले. "पण हप्त्याहप्त्यानं."