रक्त जुळलं, मग फुप्फुसं का बिघडली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रक्त चढवल्यावर फुप्फुसांना होणाऱ्या इजेवर, म्हणजे ‘ट्राली’वर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रक्त नीट जुळवून दिलं तर काही होत नाही, आणि झालंच तर तो कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो, डॉक्टर फक्त त्याला भारदस्त नाव देतात. पुरावा म्हणून तुम्ही सासऱ्यांचा अनुभव दिलाय. दुसरी पिशवी संपता संपता त्यांना दम लागला, बीपी वाढलं आणि लॅसिक्स (लघवी वाढवून शरीरातलं पाणी काढणारं औषध) दिल्यावर ते सावरले. बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्ताला मी नावं ठेवली, हा वेगळा राग. आणि शेवटी विचारलंय, सासऱ्यांना पुन्हा रक्त लागलं तर द्यायचं की नाही?

आधी सासऱ्यांचं बघू. तुम्ही लिहिलेल्या खुणा ट्रालीच्या नाहीतच, त्या ‘टॅको’च्या वाटतात. म्हणजे शरीरात एकदम जास्त द्रव गेला, हृदयाला तो भार पेलला नाही आणि पाणी मागे फुप्फुसांत साठलं. वय झालेलं, हृदय किंवा किडनी कमजोर आणि पिशव्या लागोपाठ लावलेल्या, अशा वेळी हे होतं. बीपी वाढतं, मानेच्या शिरा फुगतात, लघवी झाली की आराम पडतो. यात घाई नडते हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यावरून ट्राली नावाचं काही नसतंच, हे कसं ठरतं?

ट्रालीचा रुग्ण वेगळा दिसतो. पिशवी चालू असताना किंवा संपल्यावर सहा तासांच्या आत ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, एक्स-रेत दोन्ही बाजूंची फुप्फुसं पांढरी दिसतात. इथवर दोन्ही सारखेच. पण इथे बरेचदा ताप येतो आणि बीपी खाली जातं. व्हेंटिलेटरवर घेतलं तर नळीतून गुलाबी, फेसाळ पाणी येतं. सक्शन करून, म्हणजे ओढून, काढावं तर पुन्हा येतं. त्याच वेळी रक्त तपासलं तर कधी कधी पांढऱ्या पेशी अचानक घटलेल्या दिसतात, कारण त्या फुप्फुसांत जाऊन अडकलेल्या असतात. अशा माणसाला सवयीने लॅसिक्स दिलं तर फायदा होत नाही, उलट बीपी आणखी कोसळू शकतं. पाणी रक्तवाहिन्यांतून गळून गेलेलं असतं, आत आधीच तुटवडा असतो. म्हणून दोन नावं हवीत. इथे ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर आणि थोडी वाट पाहणं हाच उपचार. बहुतेक जण दोन ते चार दिवसांत सुधारतात. सगळे नाही, ट्रालीने माणसं दगावतात.

आता जुळवणीबद्दल. क्रॉसमॅच या जुळवणीच्या चाचणीत रुग्णाचं सीरम, म्हणजे त्याच्या रक्तातला पातळ द्रव, आणि दात्याच्या लाल पेशी एकत्र करून बघतात. प्रश्न एवढाच असतो की रुग्णाचं शरीर या पेशी फोडेल का. ट्रालीत बहुतेक वेळा गोष्ट उलट्या दिशेने घडते. दात्याच्या प्लाझ्मातली, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवातली, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर चालून जातात. ते त्या चाचणीत दिसणारच नाही, कितीही काळजीने केली तरी. त्यातही रुग्णाला सेप्सिस (जंतुसंसर्गाने साऱ्या शरीरावर झालेला गंभीर परिणाम) असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, तर त्याच्या पांढऱ्या पेशी आधीच चवताळून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत चिकटलेल्या असतात. बाहेरून आलेली प्रतिपिंडं त्यांना फक्त शेवटचा धक्का देतात. पेशी आपल्या जवळची रसायनं सोडतात, वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात. म्हणून एकाच दात्याचं रक्त एकाला बाधतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. ट्राली हे नाव १९८३ सालच्या पॉपोव्हस्की आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे रूढ झालं. त्याआधीही असे रुग्ण होतेच.

बायकांच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही माझा लेख पुन्हा वाचा. गरोदरपणात बाळाकडे वडिलांकडून आलेले एचएलए घटक, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, असतात, आईचं शरीर कधी कधी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. आईला त्याचा त्रास नसतो, ती ठणठणीत असते. प्रतिपिंडं असतात प्लाझ्मात, आणि लाल पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा फार थोडा उरतो. म्हणून अशा स्त्रियांनी रक्त देऊ नये असं कुणी म्हणत नाही. त्यांच्या लाल पेशी वापरता येतात. फक्त रुग्णाला चढवायचा प्लाझ्मा शक्यतो पुरुषांचा, किंवा प्रतिपिंडं नाहीत हे तपासलेल्या स्त्रियांचा घ्यावा. ब्रिटनने २००३ पासून पुरुषांच्या प्लाझ्माला प्राधान्य दिलं आणि तिथे ट्राली ठळकपणे कमी झाली. यात अपमान कसला?

लोक घाबरतील, असंही तुम्ही लिहिलंय. रक्तस्राव होत असलेल्या माणसाला रक्त नाकारणं हा खरा धोका आहे. पण प्रकृती स्थिर असताना, हिमोग्लोबिन सातच्या वर असताना, ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून टाका’ हा आग्रह नातेवाईकांनी सोडला तर मला आनंदच होईल. हृदयविकार असेल तर ही मर्यादा थोडी वर धरतात, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

राहिला तुमचा प्रश्न. लागलं तर जरूर द्या. पण आधीचा प्रसंग डॉक्टरांना न विसरता सांगा. एका वेळी एकच पिशवी, सावकाश, मध्ये तपासून. गरज वाटली तर ते लॅसिक्स आधीच देतील. ट्राली झाली असती तरी पुढचं रक्त बंद होत नाही, कारण दोष बहुधा त्या एका दात्याच्या प्लाझ्मात असतो. फक्त दम लागला की पिशवी तिथेच थांबवायची, फेकायची नाही, आणि रक्तपेढीला लगेच कळवायचं. त्याच दात्याचे इतर घटक अजून फ्रीजमध्ये असू शकतात, ते बाजूला काढता येतात.