‘ओके म्हणाले आणि बोर्ड जाळला’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. तुम्ही जुनं एजीपी (म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीच्या जुन्या स्लॉटचं) ग्राफिक्स कार्ड तपासायला दिलंत. आम्ही आठ दिवस लावले, 300 रुपये घेतले आणि ‘ओके’ सांगून परत दिलं. घरी मशीनमध्ये लावल्याबरोबर पडदा काळा, करपल्याचा वास, आणि मदरबोर्डसुद्धा गेला. आम्ही कार्ड बदललं असणार असा तुमचा संशय आहे. शनिवारी विचारायला आलात तर मालकानं मान वर करून पाहिलं नाही, हेही लिहिलंय.

शेवटचं आधी घेतो. पाहिलं नाही हे खरं. हातात एकाचा लॅपटॉप उघडा होता, स्क्रू मोजत होतो. पण ‘दोन मिनिटं बसा’ एवढं म्हणायला स्क्रू आड येत नाहीत. चुकलं.

आठ दिवसांपैकी तीन दिवस दुकान बंद होतं, पुतणीचं लग्न. तुम्हाला फोन करायला हवा होता, केला नाही. उरलेल्या दिवसांत काय चाललं होतं ते सांगतो, कारण कार्ड बदलल्याच्या संशयाचं उत्तरही त्यातच आहे.

तुमचं कार्ड म्हणजे रिवा टीएनटी2 एम64, 32 एमबी. टीएनटी2 घराण्यातलं हे गरीब भावंड. मोठ्याला मेमरीचा रस्ता 128 बिटांचा, याला 64 चा. 2000 च्या आसपास पुण्याच्या तपकीर गल्लीतून जी असेंबल्ड मशीनं बाहेर पडायची त्यांत ही कार्डं आम्ही ढिगानं बसवली आहेत. बदलाबदली करायचीच असती तर एखाद्या वूडूवर, म्हणजे त्या काळच्या नावाजलेल्या गेमिंग कार्डावर, डोळा ठेवला असता, एम64 वर कशाला? शिवाय मागच्या बाजूला तुमच्या वडिलांच्या अक्षरातली खरेदीची तारीख चिकटवलेली आहे. ती तुम्ही शनिवारी स्वतः वाचलीत.

आमच्याकडे आलेलं जुनं कार्ड लगेच बोर्डावर चढत नाही. भिंगातून कपॅसिटरची डोकी फुगलीत का बघतो, खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं घासतो, मल्टिमीटरनं शॉर्ट तपासतो, मग लावतो. तपासणीचा बोर्ड 440 बीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या मुख्य चिपा), त्यावर पेंटियम थ्री. कार्ड मेलेलं असेल तर हा बोर्ड एक लांब आणि दोन छोट्या बीप देतो. तुमच्या कार्डाला एकच छोटी बीप आली, म्हणजे जीव होता. पण पडदा बघून मी खुर्ची पुढे ओढली.

फ्लॉपीवरून विंडोज 98 सुरू होताना वर ‘स्टार्टिंग विंडोज’ अशी इंग्रजी ओळ येते. तिच्यातल्या एसच्या जागी डब्ल्यू, एच्या जागी ई. आणि जिथे काहीच नसायला हवं त्या मोकळ्या काळ्या पडद्यावर एक घर सोडून एक डॉलरची खूण. अख्खा पडदाभर डॉलर! आमचा मुलगा म्हणाला व्हायरस आहे. व्हायरस कसला, हिशेब साधा आहे. कॉम्प्युटरच्या लेखी मोठ्या एसचा आकडा 83, मोठ्या डब्ल्यूचा 87. छोटा ए 97, छोटा ई 101. मोकळी जागा 32, डॉलर 36. प्रत्येक ठिकाणी बरोब्बर चारचा फरक. म्हणजे मेमरीतला चारचा बिट, म्हणजे चार मोजणारा खटका, कायम चढलेला, तोही एका आड एक अक्षरात. असं झालं की चिपपेक्षा तिच्या पायावर संशय घ्यायचा. मेमरीच्या एका चिपचा एक पाय टाक्यातून केसभर सुटला होता. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं बसवला, डॉलर गेले. याचे पैसे लावले नाहीत. (लावायला हवेत असं घरी मत आहे.) त्यानंतर ड्रायव्हर टाकून दोन दिवस कार्ड थ्रीडीवर पळवलं, सुटलेला पाय गरम झाल्यावर पुन्हा दगा देतो का ते बघायला. दिला नाही. म्हणून ‘ओके’.

आता बोर्ड. तुम्ही शनिवारी कार्ड परत आणलंत, तुमच्यासमोर बीएक्सवर लावलं आणि चित्र आलं. ‘तुमच्या मशीनवर चालतं, माझ्यावर जळतं, ही कसली तपासणी?’ असं म्हणून तुम्ही निघून गेलात. प्रश्न बरोबर होता. संध्याकाळी तुम्ही बोर्डाचा फोटो पाठवलात तेव्हा उत्तर मिळालं. तोवर रिव्ह्यू पडला होता.

तुमचा बोर्ड पेंटियम 4 चा, 845 चिपसेटचा. वडिलांनी नंतर मशीन बदललं, जुनं कार्ड मात्र जपून ठेवलं, असं तुम्हीच सांगितलंत. एजीपीचा स्लॉट दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण जुनी कार्डं 3.3 व्होल्टवर बोलतात, आणि 845 ला फक्त 1.5 व्होल्ट चालतात. चुकीचं कार्ड बसूच नये म्हणून कार्डाच्या पट्टीला खाच असते. मागच्या पत्र्याजवळ असेल तर 3.3, पत्र्यापासून लांब असेल तर 1.5, दोन्ही असतील तर कार्ड दोन्हीकडे चालतं असा अर्थ. तुमच्या कार्डाला दोन्ही खाचा आहेत. म्हणून ते तुमच्या बोर्डात अलगद बसलं, तुम्ही कुठेही जोर लावलेला नाही. पण काही कार्डवाल्यांनी एम64 ला दोन्ही खाचा कापल्या आणि आतला मामला 3.3 चाच ठेवला. पेंटियम 4 च्या काही बोर्डांच्या पुस्तिकेत एम64, व्हॅन्टा आणि सिस 305 या कार्डांबद्दल तशी सूचना छापलेली असायची. पुस्तिका कोण वाचतं? मी वाचली होती, नंतर विसरलो. माझा बीएक्स 3.3 चाच, त्यामुळे माझ्याकडे हे कार्ड कितीही दिवस सुखानं चाललं असतं. तुमच्याकडे त्यानं दुपटीहून जास्त व्होल्टेज थेट चिपसेटमध्ये घातलं. वास त्याचा.

तेव्हा कार्ड खरंच चांगलं होतं आणि आजही आहे. पण कार्ड घेताना ‘हे कुठल्या बोर्डावर लावणार?’ हे मी विचारायला हवं होतं. या धंद्यात इतकी वर्षं काढून तो प्रश्न राहिला, आणि बिलावर नुसतं ‘ओके’ लिहून दिलं. ते ‘ओके’ माझ्या टेबलापुरतं होतं हे तुम्हाला कसं कळणार?

300 रुपये परत घेऊन जा. बोर्डाची पूर्ण भरपाई देणार नाही. बोर्ड वीस वर्षांच्या वर जुना आहे आणि त्यात कार्ड लावताना मी तिथे नव्हतो. पण माळ्यावर एक 845 चा बोर्ड तपासून ठेवलेला आहे, तो मला भंगारात पडला त्या भावात देईन आणि बसवून देईन. त्यात मात्र हे कार्ड पुन्हा लावू नका, 1.5 चं दुसरं शोधून देतो. खरं तर तुम्हाला विंडोज 98 वर लहानपणचे गेमच खेळायचे असतील तर वडिलांचं हे कार्ड बीएक्सवर ठेवणं जास्त बरं. तसा बोर्ड मिळायला जरा वेळ लागेल. या वेळी फोन करेन.

गुरुवारी अकरानंतर कॅबिनेट घेऊन या. तोवर ते मशीन पुन्हा चालू करून बघू नका, आणि वडिलांची हार्ड डिस्क आधी काढून वेगळी आणा.