खुलासा: रात्रीची गोळी सकाळपर्यंत उतरतेच असं नाही

‘सर्दीची किंवा झोपेची गोळी रात्री घेतली की सकाळी गाडी चालवायला हरकत नाही’ असा मेसेज ज्येष्ठांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन हे सुस्ती आणणारं औषध असतं. त्यातलं निम्मं औषध शरीरातून जायलाच साधारण २० तास लागतात, उतारवयात आणखी जास्त. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामचा अंश तर कित्येक दिवस राहतो. डोळ्यांवर झोप नसली तरी ब्रेकवर पाय उशिरा पडतो, आणि ते चालवणाऱ्याला जाणवत नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ‘बीअर्स’ निकषांत, म्हणजे ज्येष्ठांनी टाळायच्या औषधांच्या यादीत, ६५ वर्षं व त्यावरच्या वयात ही औषधं टाळायला सांगितलं आहे.

स्ट्रिपच्या मागचं औषधाचं नाव वाचा, गाडी चालवता हे डॉक्टरांना सांगा. रोजची झोपेची गोळी मात्र मनानेच एकदम बंद करू नका, झटके (फिट) येऊ शकतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.