घुसून मारलं म्हणे!

आज ठाण्याहून फास्ट पकडली आणि डब्यात तोच विषय. ‘अमेरिकेला बघा, 9/11 झालं आणि महिन्याभरात अफगाणिस्तानात घुसले. आपण 26/11 नंतर मेणबत्त्या लावत बसलो.’ घाटकोपरपर्यंत ऐकून घेतलं. डोकं अजून तापलेलंच आहे.

26/11 च्या रात्री माझे बाबा सीएसटीला लोकलची वाट बघत होते. स्टेशनवरचे उद्घोषक विष्णू झेंडे यांची घोषणा ऐकून मागच्या बाजूने बाहेर पडले म्हणून वाचले. नौपाड्यात घरी पोचले तेव्हा डब्याची पिशवी मुठीत अशी आवळलेली की आईने एकेक बोट सोडवलं. तेव्हा मला कोणी मेणबत्तीवाला म्हणू नका. बॉम्ब टाकावेत असं त्या रात्री मलाही वाटलं होतं.

पण कोणावर? 9/11 ची विमानं पळवणारे 19, त्यात 15 सौदी. अफगाण एकही नाही. बरं, अल कायदाचे तळ तिथे होते, तालिबान ओसामाला देत नव्हते. ते तळ उडवले, त्याला माझी हरकत नाही. पुढची 20 वर्षं कशासाठी? ओसामा 2011 मध्ये मारला गेला तो पाकिस्तानात, अबोटाबादला, तिथल्या लष्करी अकादमीच्या जवळ. तोही एका रात्रीच्या धाडीत! आणि 2021 मध्ये काबूल परत तालिबानकडे.

तेव्हा विमानामागे धावणारी माणसं टीव्हीवर दाखवत होते. सीएसटीबद्दल कधीच न बोलणारे बाबा एकदम म्हणाले, “आम्हाला कुठून पळायचं ते सांगणारा कोणीतरी होता रे.” आणि उठून आत गेले. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

कसाबला आपण वकील दिला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत चालवला आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी दिली. याची लाज कसली वाटते लोकांना? पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधार हाफिज सईदला 26/11 साठी अजून शिक्षा झालेली नाही, हे खरंय. त्याचा संताप तुमच्याइतकाच मलाही आहे. पण बाबांच्या त्या रात्रीचा हिशोब मला त्याच्याकडून हवाय, त्याच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांकडून नकोय.

आणि इराक? 9/11 शी काडीचा संबंध नाही, ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने 2003 मध्ये घुसले ती सापडली नाहीत, लाखाच्या वर साधी माणसं मेली. युद्ध बरोबरच होतं म्हणणाऱ्यांनी खाली जरूर लिहा. फक्त सुरुवात इराकपासून करा.